आकाशातल्या घरची मराठी

"आवाज बंद करा. मी हाओ ना!"

टीव्हीवर ते कार्टून सुरू झालं की आमचे शेजारी सगळ्यात आधी हे म्हणायचे. म्हणताना उजव्या हाताचा पंजा हवेत खाली दाबायचे, ऑफिसात गलका करणाऱ्या लोकांना बसवताना दाबतात तसा. मग घसा साफ करून खुर्ची दोन वीत पुढं ओढायची, आणि पुढचा अर्धा तास टीव्हीतली माणसं, बाया, पोरं, कुत्रा, यंत्रं अशी सगळी मंडळी आमच्या आदिलाबादच्या मराठीत बोलायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सिनेमा बघताना गप्प बसवत नाही. आजूबाजूचे लोक त्याला हटकतात. आमच्याकडे उलटं होतं. हे गप्प राहिले तर पोरं रडायची.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. कॉलनीत ते कोणी घेतही नव्हतं, सगळे त्यांना बाबूजीच म्हणायचे. तलमडुगूच्या तहसील ऑफिसात ते कारकून होते. त्याच मंडलातल्या (इकडं तेलंगणात तालुक्याला मंडल म्हणतात) एका खेड्यात, मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत मी शिकवते. सकाळी आम्ही दोघं आदिलाबादहून एकाच बसनं निघायचो. उंच, काटकुळा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं, मांडीवर जेवणाचा डबा. बसमध्ये फारसं बोलायचे नाहीत. मी पहिले सहा महिने त्यांना अबोल समजत होते. मग एका रविवारी माझी मुलगी त्यांच्या घरून पळत आली आणि म्हणाली, "आई, बाबूजीच्या पोटात पाच माणसं हायेत!"

ते कार्टून तुम्ही पाहिलं असणार. उद्याच्या जगातलं एक कुटुंब. घरं उंच खांबांवर, ढगांच्या वर. गाड्या उडतात, बटण दाबलं की ताटात जेवण येतं, भिंतीवरच्या पडद्यात लांबच्या माणसाचं तोंड दिसतं. नवरा, बायको, दोन पोरं, एक कुत्रा, आणि चाकांवर फिरून घरकाम करणारी एक यंत्रबाई. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, कुठल्याशा लांबच्या देशात काढलेलं. त्यातलं निम्मं भविष्य आता जुनं झालंय. पडद्यात तोंड बघून बोलणं माझी सासू रोज संध्याकाळी करते आणि समोरच्याला तिचा फक्त कान दिसतो.

मी एकदा त्यांना बसमध्ये विचारलं, "बाबूजी, इतकं जुनं झालं, तरी पोरं काऊन पाहतात हो ते?"

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "मॅडम, गाडी उडो का रांगो, सायेब तोच राह्यते. नवरा-बायकोचं भांडन तेच राह्यते. वरतं गेलं म्हनून घर थोडी बदलते?"

कार्टूनातल्या माणसांना बोलतं करायचं हे वेड त्यांना लागलं कसं, त्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, ते मंचेरियलला मामाकडे राहत होते. मामा कोळशाच्या खाणीत कामाला. मामानं टीव्ही घेतला होता, आणि त्यावर एका संध्याकाळी हे कार्टून लागलं, सगळं इंग्रजीत. मामा शिफ्ट करून आलेला, आंघोळ करून बसलेला. त्यानं विचारलं, "काय म्हनून राह्यला रे तो?"

"आता काय सांगू मॅडम. आमच्या खानदानात इंटरपर्यंत गेलेला मी पयला. मामा साऱ्या क्वार्टरमंदी सांगत फिरे, भाचा इंग्रजी शिकून राह्यला म्हनून. आन मले त्या कार्टूनातला एक सबद समजत नव्हता. नाई म्हनाची सोय नव्हती."

"मग?"

"मंग काय. सुरू केलं. तो म्हनते, सायेब, आज अर्ध्या दिसाची रजा द्या, बायकोले दवाखान्यात न्याची हाय."

मामा खूश झाला. भाच्याच्या शिक्षणाचं चीज झालं म्हणाला. पुढच्या आठवड्यात मामानं शिफ्टमधले चार जण आणले, त्याच्या पुढच्या आठवड्यात अंगणात चटई टाकावी लागली. खाणीतून वर आलेली माणसं ढगात राहणाऱ्या माणसांची सुखदुःखं मराठीत ऐकायची. त्यातला एक तेलुगू सरदार होता, म्हणजे खाणीतल्या टोळीचा मुकादम, त्याला मराठी नीट यायचं नाही, तोही यायचा. बाबूजी इंग्रजी पुढं शिकले, ऑफिसच्या परीक्षाही पास झाले, पण ते कार्टून त्यांनी आवाज लावून कधीच पाहिलं नाही.

आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी दहाला बैठक भरायची. पोरं पुढं, आणि "आमी बसाले नाई, पोराले न्याले आलो" म्हणणारे आईबाप दारात. आकाशातल्या त्या नवऱ्याची नोकरी काय, तर ऑफिसात जाऊन दिवसभर एक बटण दाबायचं. बाबूजींनी त्याला तहसील ऑफिसात बसवला होता. बटणापुढं तो पाय पसरून बसला की बाबूजींचा आवाज यायचा, "सर्व्हर डाऊन हाय. उद्या या." साहेब पडद्यातून ओरडायचा, "पहाणीची नक्कल कुठं हाय? दरखास्त कोनाच्या टेबलावर हाय?" आणि तो बिचारा म्हणायचा, "सायेब, तुमच्याच टेबलावर हाय. वरतं पेपरवेट ठेवला तुमी."

दारात उभे असलेले आईबाप, ज्यांनी पहाणीसाठी, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यासाठी, अर्जावर अर्ज करत त्या ऑफिसाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, ते भिंतीला धरून हसायचे. आपल्याच ऑफिसची टर उडवणारा कारकून त्यांनी कुठं पाहिला होता!

उडती गाडी म्हणजे तलमडुगूची बस. गाडी वळली की, "सरका, सरका, मांग जागा हाय." यंत्रातून ताटात काही पडलं की, "आजबी जवारीचीच भाकर? या यंत्राले दुसरं येत नाई काय?" एकच भाग पोरांनी दहा वेळा पाहिला असेल, पण दहाही वेळा बोलणं वेगळं. त्या आठवड्यात कॉलनीत जे घडलं असेल ते सगळं ढगांच्या वर जायचं.

पण यंत्रबाई बोलायला लागली की बाबूजी बदलायचे. बाकीचे आवाज ते चढवून, नाकातून, गमतीनं काढायचे. हा आवाज मात्र ते खाली आणायचे. कोरडा, सावकाश, कोणाची भीडभाड न ठेवणारा. "पाय उचला. झाडून राह्यलो. खालतं काय सांडलं ते दिसत नाई तुमाले, मी सांगून ठेवतो." आमच्याकडे बायाही 'करतो', 'जातो' म्हणतात, त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की त्या आवाजापुढं पोरं मांडी सावरून बसायची.

माझ्या मुलीनं एकदा विचारलं. चित्रात सगळे जेवत होते, साहेब पाहुणा आला होता, यंत्रबाई वाढत होती. बाबूजींनी तिच्या तोंडी घातलं, "वाढून झालं. सरका जरा, मीबी जेवतो."

"बाबूजी, पण ती तर उभी हाय."

"चाकं हायेत ना तिले. बसता येत नाई. उभ्यानं जेवून राह्यली."

"यंत्र जेवते काय?"

बाबूजींनी टीव्हीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "काम करते का नाई? मंग जेवन नाई?"

हे मी ऐकलं आणि हसून सोडून दिलं. माझ्या लक्षात काहीच आलं नव्हतं. ते लक्षात आलं माझ्या वडिलांच्या.

दादा भैंसा शहराकडच्या आमच्या गावी राहायचे. त्या वर्षी गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर माझ्याकडे आले होते. बाबूजींच्या घरी तेव्हा रंगाचं काम चाललेलं, म्हणून रविवारची बैठक आमच्या घरी भरली. दादा पलंगावर, पाय लांब करून. त्यांना कार्टूनात रस नव्हता, ते पेपर वाचत होते. यंत्रबाई बोलली. दादांनी पेपर खाली केला. ती पुन्हा बोलली. दादा सरळ होऊन बसले, पाय जमिनीवर ठेवले.

कार्टूनमध्ये जाहिरात आली तसं त्यांनी विचारलं, "बाबू, तुमी कोनाचे?"

बाबूजींनी आमच्या गावाचं नाव सांगितलं. मग आईचं नाव सांगितलं.

त्या बाईला मी ओळखत होते. म्हणजे पाहिलेलं होतं. माझ्या लहानपणी ती आमच्याकडे कामाला होती. गोठा झाडायची, शेण काढायची, जवारी पाखडायची, कापूस वेचणीच्या दिवसांत बायांची टोळी घेऊन जायची. दादांपेक्षा वयानं मोठी असेल, पण दादा तिला एकेरीत, नावानंच हाक मारायचे. घरातल्या सगळ्यांना ती टोकायची आणि शेवटी म्हणायची, "मी सांगून ठेवतो." तिचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. चहा झाला की ती तो धुऊन पुढं करायची आणि माझी आई वरून ओतायची. मी हे रोज पाहिलं आणि मला त्यात कधी काही दिसलं नाही. शाळेत मी आज मुलांना समानतेचा धडा शिकवते म्हणून हे लिहून ठेवलं पाहिजे.

"तिचा आवाज हाय हा," दादा म्हणाले.

"हो पाटील. तिचाच हाय. माहा कुठला."

"हाय काय ती?"

"नाई. नऊ वर्सं झाली."

पोरं कंटाळून एकमेकांना ढोसायला लागली. टीव्हीवर साबणाची जाहिरात मुक्यानं चालली होती. मग दादा म्हणाले, "तिले बोलाव एकदा. माह्याशी."

मला काय करावं कळेना. मी "दादा, राहू द्या" म्हणाले. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे. आणि तो आवाज आला, कोरडा, सावकाश.

"काय पाटील, गुडघे लय दुखतात काय? तवाच सांगतलं होतं, वल्ल्या जिमिनीत उघड्या पायानं फिरू नका म्हनून. मी सांगून ठेवलं होतं."

पोरं हसली. दादा हसले नाहीत.

"सांगतलं होतं," ते म्हणाले. "मीच आयकलं नाई, माय."

दादांनी कोणाला 'माय' म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आपल्या आईलाही ते 'बाई' म्हणायचे.

"चहा घेशीन काय, माय?"

आमच्या घरी बाबूजी दोन वर्षं चहा घेत होते, आमच्याच कपात, पण हा प्रश्न त्यांना नव्हता. मग तो आवाज म्हणाला, "घरातल्या कपात देसान तर घेतो."

दादा उठले. मी पुढं झाले तर त्यांनी हातानं मला थांबवलं. काठी न घेता, पलंगाला, दाराला, ओट्याला धरत ते स्वयंपाकघरात गेले. ज्या माणसानं आयुष्यात गॅस पेटवला नव्हता, त्यानं मला साखरेचा डबा कुठंय ते विचारलं. चहा उकळून गेला, ओट्यावर सांडला. चांगल्यातला एक कप बशीसकट घेऊन ते बाहेर आले आणि बाबूजींच्या पुढं दोन्ही हातांनी धरला.

"घे माय."

बाबूजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. उभ्यानंच त्यांनी तो कप घेतला. चहा पिऊन होईपर्यंत ते कोणत्याच आवाजात बोलले नाहीत. बोलली ती माझी मुलगी. "बाबूजी, जाहिरात संपली."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्यांना विचारलं, "दोन वर्षांत सांगितलं काऊन नाही?"

"तुमी इचारलं काय?" ते म्हणाले. मांडीवरचा डबा सरळ करत पुढं म्हणाले, "आन सांगून काय करू मॅडम? मी तिची दरखास्त घेऊन थोडी आलो होतो तुमच्या घरी. माह्या मायनं मले गोठ्यात जाऊ देलं नाई. मामाकडे धाडलं. तिले काई मांगाचं नव्हतं कोनाले."

"पण तिला कामवाल्या यंत्राचा आवाज काऊन दिला मग?"

ते माझ्याकडे, वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघायला लागले. "त्या घरात तिच्याबिगर कोनाचं चालते काय? नवरा सायबाले भेते, बायको नवऱ्यावर चिडते, पोरं कोनाचं आयकत नाईत. सारे शेवटी कोनाकडे जातात? नीट पाहा तुमी."

मी पुढच्या रविवारी नीट पाहिलं. खरं होतं.

दीड वर्षानं त्यांचा आवाज बसायला लागला. आधी म्हणाले, तुमची खडूची तशी माझी फायलींची धूळ असेल. मग हैदराबादला नेलं. घशात गाठ होती, आणि ती काढताना आवाजाची पेटीही काढावी लागली. तीन महिन्यांनी ते घरी आले तेव्हा गळ्याला एक छोटं भोक होतं, त्यावर पांढरा जाळीचा रुमाल. बोलायला तोंड उघडलं तर फक्त ओठ हलायचे. खिशात आता दोन पेनं आणि एक छोटी वही.

रविवारी पोरं गेली नाहीत. आईबापांनी जाऊ दिलं नाही. बाबूजींनीही टीव्ही लावला नाही. बाहेर, अंगणात खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. त्यांच्या बायकोनं मला एकदा कुंपणाजवळ थांबवून सांगितलं, "मॅडम, घर कसं मुकं झालं. आधी मी म्हनो, जरा चूप राहात जा. आता कोनाले म्हनू?"

मला सुचलं ते मी केलं. त्यांच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबूजी, माझ्या शाळेत पडदा आलाय, प्रोजेक्टर आलाय. पोरं आहेत. तुम्ही या."

त्यांनी वहीत लिहिलं, 'काय करू येऊन? तोंड नाही.'

"लिहा ना. तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलं. आता यांचं लिहा. पोरं बोलतील."

आठवड्यानं ते पहिली चार पानं घेऊन आले. मी वाचली आणि मला हसू आवरेना. 'सदर यंत्रबाईने मालकास जेवण करण्याविषयी कळविले.' आकाशातलं सगळं कुटुंब एकमेकांना अर्ज करत होतं. मी हसले तसे तेही हसले, फक्त खांदे हलले. मग त्यांनी लिहिलं, 'शाळेत चालेल असे शुद्ध लिहिले. तुम्ही टीचर.'

आता इथं मला माझं सांगायला हवं. माझ्या वर्गात पाचवीला एक मुलगी होती. आईबाप दोघंही दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाणारे. शाळेच्या पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "मॅडम, मले पानी पाह्यजे." मी तिला 'मला पाणी पाहिजे' असं तीनदा म्हणायला लावलं, सगळ्या वर्गासमोर. माझ्या समजुतीनं मी शिकवत होते. त्यानंतर त्या मुलीनं पाणी मागितलं नाही. काहीच मागितलं नाही. वाचायला उभी केली की पुस्तकाकडे बघत राहायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकात 'बुजरी आहे' असं लिहून मोकळी झाले होते.

बाबूजींची ती चार पानं हातात धरून मी म्हणाले, "बाबूजी, शुद्ध नका लिहू. तुम्ही बोलायचे तसं लिहा. मले, तुले, काऊन, सगळं लिहा."

वीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होते. त्यांनी पेन उघडलं आणि वहीत लिहिलं, 'नक्की?'

"नक्की. लाल पेन मी घरी ठेवून येईन."

मग ते लिहायला लागले. दर शनिवारी आमच्या शाळेत यायचे. पडद्यावर कार्टून, आवाज बंद, आणि पोरांच्या हातात बाबूजींचं कारकुनी वळणाचं, सरळ ओळीतलं अक्षर. कोणी नवरा झालं, कोणी साहेब. कुत्रा व्हायला सगळेच तयार होते. बाबूजी समोर उभे राहून हातानं सांगायचे: सावकाश, मोठ्यानं, आता थांब. एखाद्याचं चुकलं की स्वतः तोंड हलवून दाखवायचे, आणि त्या आवाज नसलेल्या ओठांवरून पोरं बरोबर उचलायची.

यंत्रबाईचं काम कोणाला जमेना. सगळे यंत्रासारखं खरखर बोलायचे. बाबूजी मान हलवायचे, नाही. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ते उठले आणि मागच्या भिंतीशी बसलेल्या त्या मुलीपुढं जाऊन उकिडवे बसले. कागद तिच्या हातात दिला. मी म्हणणार होते की ती बोलत नाही. म्हणाले नाही, हे एक बरं केलं.

तिनं कागदावर बोट ठेवलं. ओळ वाचली. मनातल्या मनात पुन्हा वाचली असावी. वर बघून बाबूजींना विचारलं, "हे असंच लिवलं हाय? मले म्हनून?"

बाबूजींनी मान डोलावली.

"पाय उचला," ती म्हणाली. "झाडून राह्यलो मी. दिसत नाई काय तुमाले?"

पुढं बसलेल्या दोन पोरांनी खरोखर पाय उचलले.

जानेवारीत शाळेचा कार्यक्रम झाला. सकाळीच ठेवला. वर्गाच्या खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केला. गावातली माणसं आली, वेचणी संपत आली होती म्हणून बायाही आल्या. मंडलाचे शिक्षणाधिकारी आले, तेलुगू गृहस्थ, मराठी जेमतेम समजणारे. पुढच्या रांगेत त्यांच्या शेजारी बाबूजी, इस्त्रीचा शर्ट, गळ्याला नवा रुमाल, मांडीवर वही उघडलेली.

सर्व्हर डाऊन झाला, पेपरवेटखालची दरखास्त सापडली. दरखास्त म्हटल्यावर अधिकाऱ्यांनाही कोणी सांगावं लागलं नाही, तेलुगूतही तोच शब्द. ते मांडीवर थाप मारून हसत होते. मग तो प्रसंग आला. नवरा साहेबाच्या शिव्या खाऊन घरी आलाय, तोंड पाडून बसलाय, ताट पुढं आहे, जेवत नाही. बाबूजींनी यंत्रबाईला लिहून दिलं होतं, 'जेवून घ्या. सायेब येतीन जातीन, पोट आपलं हाय.' चांगलं वाक्य होतं. मी ते शंभरदा ऐकलं होतं.

मुलगी पडद्याशेजारी उभी होती. कागद हातात, पण ती कागदाकडे बघत नव्हती.

"जेवून घ्या," ती म्हणाली. जरा थांबली. "सायेबाचं काय घेऊन बसले? तोबी घरी जाऊन कोनाच्या तरी शिव्याच खात असन."

मागच्या बायांमधून पहिलं हसू फुटलं, आणि सगळा वर्ग हलला. अधिकाऱ्यांनी शेजारच्या मास्तरांना विचारलं, त्यांनी तेलुगूत सांगितलं, तसे ते खुर्चीत मागं रेलून हसले. "निजमे, निजमे," खरंय, खरंय, असं म्हणत राहिले.

मी बाबूजींकडे पाहिलं. वाक्य बदललं म्हणून त्यांना काय वाटलं असेल ही मला धाकधूक. ते हसत होते. आवाज नाही, पण सगळं अंग हसत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, मांडीवरच्या वहीत आपली ओळ शोधली, तिच्यावर नीट, एक सरळ काट मारली आणि बाजूला त्या मुलीचं वाक्य लिहून घेतलं. ऑफिसात दुरुस्ती केल्यावर करतात तशी खाली बारीक सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मला दिसावं म्हणून.

मी ती ओळ बघितली. 'असन' तसंच होतं. शाळेच्या बाईनं पुरी दोन मिनिटं एका अशुद्ध शब्दाकडे पाहिलं आणि तिची मान ताठ झाली. एवढा अभिमान मला माझ्या कुठल्या आदर्श पाठाचाही वाटला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात बाबूजी गेले. गाठ परत आली होती. पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीत भरलेल्या सभेला, कॉलनी होती, तलमडुगूचं ऑफिस होतं, मंचेरियलहून खाणीतले दोन म्हातारे आले होते. दादांना तेव्हा गुडघ्यांमुळं बाहेर पडणं होत नव्हतं, तरी ते भैंसाहून गाडी करून आले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. ज्याला त्याला बोलायला सांगत होते. बहुतेकांनी चार वाक्यं बोलून आवरतं घेतलं. एवढ्या बोलणाऱ्या माणसाविषयी काय बोलावं, कोणाला सुचेना.

त्यांची बायको मुलीकडे राहायला गेली. शेजारच्या घरात आता दुसरे लोक आहेत, चांगले आहेत. रविवारी सकाळी दहा वाजता कॉलनीत मोटारसायकली धुण्याचा आवाज येतो. तलमडुगूच्या बसमध्ये त्यांच्या जागेवर रोज वेगळं कोणी बसतं.

ती मुलगी आता आठवीत आहे, आदिलाबादच्या शाळेत. गेल्या महिन्यात ती मला बसमध्ये भेटली. शेजारीच बसली. आता ती बोलते, भरपूर बोलते. तिच्या शाळेबद्दल, तेलुगूच्या सरांबद्दल, आईनं घेतलेल्या मोबाइलबद्दल सांगत होती. आणि मग म्हणाली, "मॅडम, मी ते कार्टून पाह्यलं. मोबाइलवर. आवाज लावून, पूरं."

"इंग्रजीत?"

"हो. समजलं मले बरंचसं."

"मग? कसं वाटलं?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. तिनं प्रामाणिकपणे विचार केला, एखाद्याला उगीच नाव ठेवायचं नसतं तेव्हा करतात तसा.

"चांगलं हाय मॅडम," ती म्हणाली. "पन त्यायले नाई जमलं."